नजमाच्या नावावरची बासरी

नजमा, तुझ्या मयताला तो आला नाही. शोकसभेला मात्र सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या खुर्चीत बसला होता, पांढरा कुर्ता घालून. मी दारातूनच बघितलं आणि मनात म्हटलं, बस बाबा. नीट टेकून बस. आज तुला उठवणारच आहे.

हे तुला सांगायचं म्हणून लिहायला बसले. बाकीच्यांनी तुझ्यावर लिहिलेलं वाचलं. कुणी तुला 'जुन्नरची लेक' म्हटलंय, कुणी 'हरहुन्नरी कलावंत'. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तापाचं निमित्त, पुण्याचा दवाखाना, सगळं छापून आलंय. ते मी परत उगाळत नाही. दवाखान्याचं तर मला आठवायचंच नाही. मला आठवायचंय ते कॅमेऱ्याचं दुकान.

तोवर आपण दोघी लग्नंच करत होतो. म्हणजे लग्नाचं शूटिंग तू करायचीस आणि नारायणगावच्या माझ्या दुकानात मिक्सिंग मी करायचे. खांद्यावर तो भलाथोरला कॅमेरा, मागं लाईट धरणारा, त्याच्या मागं वायर ओढणारा, अशी वरात घेऊन तू मांडवात फिरायचीस. एकदा निमगाव साव्याला माझ्या चुलत नणंदेच्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, मुलगी आईच्या गळ्यात पडून रडत होती. लाईटवाल्यानं झोत मारला तशी ती एकदम थांबली, डोळे पुसले, पदर नीट केला आणि मग परत रडायला लागली. तू तिथंच कॅमेरा खाली घेतलास. संध्याकाळी दुकानात येऊन म्हणालीस, "वैशे, या धुडापुढं माणूस माणूस राहत नाही गं. मला एकटीनं जायचंय. वायर नको, लाईट नको, कुणी नको."

आणि मग लोक आधी कॅमेरा घेतात, तू आधी पिशवी घेतलीस. साधी, पाठीवर टाकायची, काळपट रंगाची. "यात मावेल ते माझं. पाण्याची बाटली आणि डबा धरून. न मावेल ते दुकानदाराचं." ती रिकामी पिशवी पाठीला लावून तू माझ्यासोबत पुण्याला आलीस. दुकानातला पोरगेला सेल्समन तुझ्याकडं आणि पिशवीकडं बघत राहिला. त्यानं शोकेसमधला सगळ्यात दांडगा काढला. "मॅडम, डॉक्युमेंट्री करायचीय ना? मग हाच घ्या. हातात असला की प्रोफेशनल वाटतं."

"वाटायला मला कुठं मिरवायचंय?" तू म्हणालीस. "मला डोंगर चढायचाय."

तू एकेक कॅमेरा पिशवीत घालून दुकानाच्या जिन्यानं वर जायचीस आणि खाली यायचीस. एका हातानं धरून बघायचीस, दुसरा हात मोकळा ठेवून, कारण घाटात गाडी थांबवून पटकन काढायची वेळ आली तर? त्या पोराला तू विचारलंस, मोबाईलच्या पॉवर बँकेवर हा चार्ज होतो का? कारण वाडीत वीज असेलच असं नाही. घरातल्या अंधारात चुलीच्या उजेडावर माणसाचं तोंड ओळखू येतं का? त्यानं चुलीचा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा ऐकला असावा. शेवटी तू एक छोटा उचललास, ज्याचा पडदा बाजूला उघडून वर वळवता येत होता. तो छातीशी धरलास आणि मान वर करून माझ्याकडं बघितलंस.

"वैशे, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"माझं तोंड दिसतंय का तुला?"

"दिसतंय की."

"मग हाच."

मला त्याच्यावर एक चांगली लेन्स घ्यायची होती. माणूस लख्ख आणि मागचं सगळं धूसर, असं चित्र मला मिक्सिंगला मिळालं असतं तर मी काय काय केलं असतं! तू ती लेन्स हातात घेतलीस, तिचं वजन जोखलंस आणि परत काचेवर ठेवलीस. तिच्या जागी घेतलास माईक. एक कॅमेऱ्यावर बसणारा, एक पदराला लावायचा कॉलर माईक आणि कानावर घालायचे चांगले हेडफोन. "चित्र जरा हललं तर लोक चालवून घेतात. आवाज फाटला की उठून जातात." मी म्हटलं, मागचं सगळं स्पष्ट दिसलं तर माणूस गर्दीत हरवतो. तू म्हणालीस, मागचं पुसायचं कशाला, ते त्याचं घर आहे. चाकणपर्यंत आपण भांडलो, मंचरच्या स्टँडवर चहा पिताना भांडलो, आणि नारायणगावला उतरताना तू म्हणालीस, "बघू, पुढच्या वेळी घेऊ." अजून मला ती लेन्स पाहिजेच होती असं वाटतं. तेव्हा हे भांडण मिटलेलं नाही, एवढं लक्षात ठेव.

तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, तू घेतलंच नाहीस. तुझ्या अम्मींनी तुला जाड कापडाची बुटकी थैली शिवून दिली आणि तिच्यात वाळलेले पावटे भरले. बांध असो, उंबरा असो, दगड असो, थैली टाकायची, वर कॅमेरा दाबून बसवायचा. हलायची बात नाही. अम्मी विचारायच्या, "काम झाल्यावर पावटे परत देशील ना गं?"

मग तू माळशेजकडच्या मढला जायला लागलीस. मढपर्यंत स्कूटी, पुढं पायी, वरच्या वाडीपर्यंत. तिथं तुला ठकूबाई भेटली. हिरड्याच्या झाडावर चढणारी बाई. ऐन उन्हाळ्यात कोवळा हिरडा झोडायचा, वेचायचा, वाळवायचा. त्या वाडीतल्या बायांचा सगळा हंगाम झाडावर जायचा. ठकूबाई तरुणपणी फांदीवरून पडली, कंबरेत वाकडी झाली आणि तरी चढत राहिली. तू तिला पहिल्यांदा विचारलंस, "आजी, तुमचं नाव कुठं लिहिताना कामाच्या जागी काय लिहितात?" ती म्हणाली, "घरकाम." आणि इतकी हसली की खाली झोळी धरून बसलेली सूनही हसायला लागली. तिथून तुझी फिल्म सुरू झाली. नाव तेव्हाच ठरलं, 'झाडावरच्या बाया'.

काय एकेक आणायचीस तू! माळशेजच्या वाऱ्यात माईक फडफडायला लागला की त्याच्यावर केसाळ टोपडं चढवायचीस. त्याला वाडीतल्या पोरीबाळी मुंगूस म्हणायच्या. "नजमाताईचं मुंगूस आलं." कॉलर माईकवर लुगड्याचा पदर घासायचा आणि खरखर यायची, म्हणून तू तो चिकटपट्टीनं चोळीच्या गळ्याला आतून लावायला शिकलीस. मग ठकूबाई विसरून जायची की आपल्या अंगावर काही आहे. एकदा तिच्या कानाला तू हेडफोन लावलेस. ती झाडावरून नुकती उतरली होती. तिनं ऐकलं, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "आगं, माझा जीव एवढ्यानं वाजतोय व्हय?"

ते मी दुकानात बसून पुन्हा पुन्हा ऐकलं होतं. तू घरी आलीस की आधी सगळं दोन जागी उतरवायचीस, एक हार्ड डिस्क तुझ्याकडं, एक माझ्याकडं. मी दिवसभर फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करता करता कानाला ठकूबाई लावून बसायचे. तिच्या प्रत्येक वाक्यात तू होतीस. "नजमा, तिकडनं नगं येऊ, काटं हायेत." "नजमा, तुज्या आईला घेऊन ये की एकदा." "नजमा, आदी भाकर खा, मंग फिरीव तुजं यंतर." आपण ठरवलं होतं की आवाजातून तुझं नाव कापायचं नाही. बोलणारी कुणाशी बोलते हे बघणाऱ्याला कळायला पाहिजे, असं तू म्हणालीस. त्या एका गोष्टीवर आपण भांडलो नाही.

आणि मग तो आला.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. आपल्याकडं सगळे त्याला 'सर' म्हणत होते. मुंबईचा दिग्दर्शक, दाढी नीट कातरलेली, आवाज मऊ. जुन्नरला तरुणांसाठी शिबिर घ्यायला आला होता. तिथं तू तुझे थोडे तुकडे दाखवलेस आणि दुसऱ्याच दिवशी त्याला वाडी बघायची होती. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून सोबत आले होते, म्हणून ऐकीव सांगत नाही. दोन गाड्या भरून माणसं. पेट्या, स्टँड, छत्र्या. मढच्या पुढं गाडी जाईना तशी त्या पेट्या डोक्यावर घेऊन पोरं धापा टाकत चढली. तू पुढं चालत होतीस पिशवी घेऊन. तुझ्या कॅमेऱ्याकडं बघून तो म्हणाला, "ही खेळणी घेऊन तू एवढं काम केलंस? कमाल आहे." तू हसलीस. मला मात्र तो 'खेळणी' शब्द तिथंच टोचला.

वर पोचल्यावर त्यांनी ड्रोन उडवला. झाडावरच्या बाया भराभर उतरल्या, एकीची शेळी दावं तोडून खाली पळाली, आणि ठकूबाईनं हातातली काठी त्या घोंघावणाऱ्या यंत्रावर अशी उगारली की मला वाटलं पाडतेच आता. नंतर त्यानं तिला मोठ्या कॅमेऱ्यापुढं बसवलं. तोंडावर चांदीचा कागद धरून उजेड पाडला. "आजी, तुमचं दुःख सांगा." ठकूबाई ताठ बसली, पदर ओढला आणि म्हणाली, "समदं बरंय." दिवसभर त्याला "समदं बरंय" एवढंच मिळालं.

म्हणून तो माझ्या दुकानात येऊन बसला. खुर्ची ओढून तुझ्यासमोर, आवाज आणखी मऊ करून. "नजमा, तुझं फुटेज दे मला. रेफरन्ससाठी. ही आपल्या दोघांची फिल्म असेल. तू आणि मी." मी मागून नाही नाही अशी मान हलवत होते. तू माझ्याकडं बघितलंस आणि तरी तुझ्याकडची डिस्क त्याच्या हातात दिलीस. तो गेल्यावर म्हणालीस, "त्याच्याकडं माणसं आहेत वैशे. तो लांब पोचवेल. आपण दोघी काय, जुन्नर ते नारायणगाव."

पोचवली त्यानं. लांब पोचवली. मुंबईच्या कुठल्याशा महोत्सवात, बक्षीसही मिळालं. लिंक आली तेव्हा तू भजी घेऊन दुकानात आलीस आणि आपण दोघींनी शटर अर्धं ओढून माझ्या कॉम्प्युटरवर ती बघितली. पहिल्या फ्रेमपासून तुझं होतं. ती तुझी हलकी थरथर, तो पावट्याच्या थैलीवरचा बुटका कोन, चुलीच्या उजेडातली ठकूबाई. त्याचं काय होतं? सुरुवातीचा ड्रोनचा डोंगर. आणि आवाज त्याचा, इंग्रजीत.

बासरी मला आधी कळली नाही. ठकूबाई बोलता बोलता मध्येच बासरी वाजायची, तिचे ओठ हलायचे आणि शब्द यायचे नाहीत. मग परत बोलणं. दोनदा झालं, तीनदा झालं. चौथ्यांदा मी थांबवून मागं घेतलं. तिचे ओठ बघितले. न... ज... मा.

त्यानं तुझ्या नावावर बासरी टाकली होती, नजमा. जिथं जिथं तिनं तुला हाक मारली, तिथं तिथं बासरी. "आदी भाकर खा" राहिलं होतं, आणि पडद्यावर ती जणू त्याला भाकर देत होती. शेवटी नावांची यादी आली. तीत तू नव्हतीस. 'स्थानिक सहकार्य : ग्रामस्थ' एवढंच होतं. तू ग्रामस्थ!

मी उठून उभी राहिले. तू भज्याचा कागद चुरगाळलास आणि म्हणालीस, "बासरी मात्र छान वाजवलीय हां."

"नजमा, आपण त्याला सोडायचं नाही."

"सोड गं."

"काय सोड? चोर आहे तो."

"ठकूबाई दिसली ना लोकांना? माझं नाव दिसून कुणाच्या पोटात काय पडणार आहे? मी भीमाशंकरला चाललेय सोमवारी. तिथल्या पायऱ्यांवर बेलफुलं विकणाऱ्या बायांचं काढायचंय. या माणसाशी भांडत बसले तर ते कोण काढणार?"

मी तुझ्याशी किती दिवस नीट बोलले नाही ते तुला माहीत आहे. तुझा तो मोठेपणा मला अजिबात आवडला नव्हता. आजही आवडत नाही. ज्याचं चोरीला गेलं त्यानं माफ केलं की चोराला वाटतं चोरी झालीच नाही. हे मी तुला तेव्हाही म्हटलं होतं. तू पिशवीची चेन लावलीस आणि घोडेगावची एसटी धरलीस.

भीमाशंकरचं अर्धं झालं. मग ताप आला.

तुला न्यायला पुरुषमाणसं जमली तेव्हा मी आत अम्मींजवळ बसले होते. बाहेर कलमा म्हणत तुला उचललं तसं अम्मींनी तुझी पिशवी पोटाशी धरली. मी त्यांचा हात धरला होता. तो हात आधी गार होता, मग खूप गरम झाला. मला त्या दिवशी रडू आलं नाही. मला फक्त त्याच्या मऊ आवाजातलं ते वाक्य आठवत होतं. तू आणि मी.

आणि त्याचाच फोन आला, थोड्या दिवसांनी. "ताई, नजमासाठी शोकसभा ठेवतोय जुन्नरला. माझी फिल्म दाखवू. ती माझी फार गुणी असिस्टंट होती. प्रोजेक्टरचं तुम्हीच बघता ना?" हो, आपल्याकडं प्रोजेक्टर आणि स्पीकर भाड्यानं देणारी मीच. फ्लेक्सची ऑर्डरही माझ्याकडंच आली. फोटोत तो बोट करून काहीतरी समजावतोय आणि तू ऐकतेयस. मी तो फ्लेक्स छापला, नजमा. रंग एकदम छान आणले. त्यानं फिल्म पाठवली, मी म्हटलं, मिळाली सर, काही काळजी करू नका.

मग मी बसले. माझ्याकडची डिस्क काढली. त्याच्या फिल्ममधला ठकूबाईचा एकेक तुकडा घेऊन त्याच्याखाली तू टिपलेला मूळ आवाज बसवला. तिच्या चित्राला हात लावला नाही. त्याचं इंग्रजी बोलणंही तसंच ठेवलं. फक्त बासरी काढली. काम करताना मी हसत होते, खरं सांगते. दात ओठ खाऊन हसत होते. आणि मग एका ठिकाणी, ठकूबाई पडल्याची गोष्ट सांगत असताना, तिच्या वाक्यांच्या मध्ये मला तू ऐकू आलीस. काही बोलत नव्हतीस. नुसतं "हं..." म्हणत होतीस, हळू, समोरच्यानं थांबू नये म्हणून. त्यानं तेही कापलं होतं. मी ते "हं" जागच्या जागी लावलं, शटर खाली ओढलं आणि भर दुपारी टेबलावर डोकं ठेवून रडले. कितीतरी वेळ. बाहेर कुणीतरी झेरॉक्सला हाका मारत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. ठकूबाई अंगणात हिरडा पसरत होती. मला बघून तिनं माझ्या मागं बघितलं. "नजमा कुटंय?"

मी सांगितलं. ती खाली बसली. हातातला हिरडा तसाच मुठीत. तिनं विचारलं, "कोनी मारली?"

"ताप आला होता, आजी."

"तापानं माणूस मरतं व्हय अजून?" ती माझ्यावरच खेकसली, जणू मीच ताप आणला होता. मग मी तिला शोकसभेचं सांगितलं. फिल्मचं सांगितलं. वाडीतल्या बायांना कुणी ती दाखवलीच नव्हती, ठाऊक होतं का तुला? ज्यांची फिल्म त्यांनीच बघितली नव्हती. बासरीचंही सांगितलं.

"त्यो डोक्यावर भिंगरी उडवणारा?"

"तोच."

"मंग येते," ती म्हणाली आणि नवं लुगडं नेसायला आत गेली. शोकसभा परवा होती. मी म्हटलं, आजी, आज नाही, मी जीप पाठवते. ती आतूनच म्हणाली, "मला काय कळतं तुमचा परवा. तू सांगशील तवा निघते."

जीपमधून सगळ्या आल्या. सून, शेजारणी, दोन पोरी. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, त्याच्याच शेजारी. त्यानं हात जोडले, त्यांनी जोडले. त्यानं त्यांना ओळखलं नाही. विचार कर नजमा, ज्या तोंडांवर बक्षीस घेतलं, ती तोंडं त्यानं ओळखली नाहीत. अम्मीही आल्या होत्या, मागं माझ्याजवळ. हॉल भरला होता, बरेच लोक भिंतीला टेकून उभे होते.

आधी त्याचं भाषण झालं. डोळे पुसले त्यानं. "नजमाला मी घडवत होतो," असं म्हणाला. मी माउसवर बोट ठेवून बसले होते. मग दिवे गेले.

ड्रोनचा डोंगर आला. त्याचं इंग्रजी आलं. आणि मग पडद्यावर ठकूबाई झाडावरून खाली बघत मोठ्यानं ओरडली, "नजमा, तिकडनं नगं येऊ, काटं हायेत!"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. आपल्या माणसाचं नाव ऐकून हसू येतं तसं. मग परत आलं. "नजमा, हे बग." मग परत. "नजमा, तुज्या आईला घेऊन ये की." अम्मींनी तोंडावर ओढणी दाबली. चौथ्या-पाचव्या हाकेला हसणारे पुढं झुकून बघायला लागले. लोकांना कळत होतं. ही बाई कुणाशी बोलतेय, कॅमेरा कुणाच्या हातात आहे, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळत होतं. मी पडद्याकडं बघतच नव्हते. मी त्याच्या मानेकडं बघत होते. ती मान आधी ताठ झाली, मग इकडं तिकडं वळली, मग तो उठला.

"थांबवा, थांबवा जरा. काहीतरी टेक्निकल प्रॉब्लेम आहे. ही चुकीची फाईल आहे."

मी थांबवलं नाही. पण मला काही बोलावंच लागलं नाही. ठकूबाई उठली. कंबरेत वाकडी, हात खुर्चीच्या पाठीवर. पडद्याचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर पडला होता आणि पडद्यावर तीच होती.

"बंद नगा करू," ती म्हणाली. "माझं बोलणं चाललंय."

तो तिच्याकडं वळला. तेव्हा कुठं त्याला ओळख पटली असावी. मऊ आवाज काढला त्यानं, "आजी, मीच बनवलीय ना ही फिल्म. तुमच्यासाठी."

ठकूबाईनं त्याला खालून वर बघितलं. अगदी नीट. आणि घरी अनोळखी माणूस आल्यावर विचारतात तशा साध्या आवाजात म्हणाली, "तुमी कोन, पावणं?"

नजमा, मी आयुष्यात बरीच लग्नं पाहिली, बऱ्याच पाठवण्या पाहिल्या. एवढं सुख मला कुठं झालं नव्हतं. कुणी ओरडलं नाही, कुणी त्याच्या अंगावर गेलं नाही. नुसते सगळे त्याच्याकडं बघत राहिले, उत्तराची वाट बघत. तो मधल्या वाटेनं बाहेर गेला आणि जाताना त्याला माझ्या टेबलापाशी थांबावंच लागलं, कारण दार तिकडंच होतं. "हे तुम्ही चांगलं केलं नाहीत," तो म्हणाला. मी म्हटलं, "सर, आवाज बरा आला ना?"

फिल्म शेवटपर्यंत चालली. शेवटच्या नावांच्या जागी मी काळा पडदा ठेवला होता आणि त्यावर तुझं नाव, एकटं. तू म्हणाली असतीस, एवढं मोठं कशाला. मुद्दाम मोठं केलं.

कुणीतरी सगळं मोबाईलवर घेतलं होतं. ते फिरलं. "तुमी कोन, पावणं" आता मंचरच्या चहाच्या टपरीवरही लोक एकमेकांना म्हणतात. महोत्सववाल्यांनी चौकशी केली, मी मूळ आवाज, मूळ चित्र, सगळं पाठवलं. वाडीतल्या बायांनी स्वतः फोनवर बोलून सांगितलं. बक्षीस त्यांनी काढून घेतलं आणि तुझ्या नावावर केलं. आणायला अम्मी गेल्या, सोबत मी आणि ठकूबाई. तिथल्या मोठ्या पडद्यावर ठकूबाईनं स्वतःला दुसऱ्यांदा पाहिलं आणि म्हणाली, "म्या लई म्हातारी दिसते राव."

सुख झालं म्हटलं ना? झालं. पण हॉलमधून लोक पांगले, जीप वाडीकडं गेली, आणि वायरी गुंडाळताना मी तुला सांगायला म्हणून वळले. त्यानंतर जे झालं ते सुख नव्हतं.

आता तो मला फोन करतो. आधी धमकीचे आले, कोर्टाचे. मी म्हटलं, या. मग काही दिवस गप्प. आता रडतो. त्याला काम मिळत नाही म्हणे. वडील आजारी आहेत म्हणे. काल म्हणाला, "ताई, नजमाजींनी मला केव्हाच माफ केलं होतं. फोन करून मला तसं म्हणाल्याही होत्या. तुम्ही फक्त एक व्हिडिओ टाका, की गैरसमज झाला होता."

म्हणजे तू त्याला फोन करून माफ केलं होतंस. मला न सांगता. भीमाशंकरच्या पायऱ्यांवर बसून केला असशील, बेलफुलांच्या पाट्यांमध्ये, हसत. मला तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर चाकणपर्यंत नाही, पार पुण्यापर्यंत भांडले असते.

त्याला मी एवढंच म्हटलं, "तिनं केलं असेल. ती गेली. आता माझ्याशी गाठ आहे." आणि ठेवून दिला.

तू म्हणशील, सोड गं वैशे. मला ऐकू येतंय तू म्हणतेयस ते. पण असं लांबून म्हणून चालणार नाही. दुकानात ये, माझ्यासमोर खुर्ची ओढून बस आणि माझ्याशी भांडून मला हरव. तोवर मी त्याला सोडत नाही.